तीस टक्क्यांवरच लॅपटॉप बंद पडतो

प्रश्न : माझा लॅपटॉप चार वर्षांचा आहे. पूर्वी चार-पाच तास चालायचा, आता १०० टक्के चार्ज करूनही तासाभरात मान टाकतो. कधी ३० टक्के दिसत असतानाच एकदम बंद पडतो. बॅटरी बदलू की सेटिंग्जमध्ये काही करता येईल?

उत्तर : आधी बॅटरीत किती जीव उरलाय ते मोजा. विंडोज असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘पॉवरसीएफजी’, एक स्पेस, तिरकी रेघ (/) आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ असं इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर दाबा. रिपोर्टची फाइल कुठे सेव्ह झाली ते खालीच दिसतं. त्यातले ‘डिझाइन कपॅसिटी’ (नवी असतानाची क्षमता) आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ (आता पूर्ण भरल्यावर मावते ती) हे दोन आकडे महत्त्वाचे. समजा पहिला ५०,००० मिलिवॉट-अवर आणि दुसरा २२,००० आहे. म्हणजे क्षमता ४४ टक्केच उरली, आणि स्क्रीनवरचे १०० टक्के या २२,०००चेच. २२,००० मिलिवॉट-अवर म्हणजे २२ वॉट-अवर; लॅपटॉप सरासरी २० वॉट खात असेल, तर तो जेमतेम तासभरच चालणार. दुसरा आकडा ४०,०००च्या वर असेल, तर मात्र बॅटरी बदलायची घाई नको. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू कोण खातंय ते शोधा आणि ब्राइटनेस उतरवा.

३० टक्क्यांवर बंद पडण्याची कारणं दोन. एकतर चार्ज मोजणाऱ्या सर्किटचा हिशेब चुकलाय, नाहीतर जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलाय. रोध वाढला की जड काम सुरू होताच व्होल्टेज कोसळतं. नेमकं काय ते असं कळेल : १०० टक्के चार्ज करा, चार्जर आणखी दोन तास तसाच ठेवा. मग काढून हलकं काम करत ५ टक्क्यांपर्यंत येऊ द्या आणि मध्ये न थांबता पुन्हा पूर्ण भरा. हे एकदाच करा; वारंवार तळाला नेल्याने सेल झिजतात. यानंतरही तेच झालं, तर सेलच संपलेत, बॅटरी बदलावीच लागेल.

नवी घेताना जुनीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज जुळवा. बसवताना लॅपटॉप बंद करून चार्जर काढा आणि आत सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा, तोही प्लॅस्टिकच्या पट्टीने, स्क्रूड्रायव्हर नको.

टचपॅड वर आलाय किंवा खालचं झाकण फुगलंय असं दिसलं, तर वरचं काहीही करू नका. चार्जिंग लगेच थांबवा. फुगलेली बॅटरी दाबली किंवा टोचली तर पेट घेऊ शकते. ती जाणकाराकडूनच काढून घ्या.

नव्या बॅटरीला ८० टक्क्यांची चार्ज मर्यादा लावा, विशेषतः लॅपटॉप दिवसभर चार्जरला असेल तर. पूर्ण भरलेली आणि गरम, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की लिथियम बॅटरी सर्वांत लवकर म्हातारी होते.