नव्या औषधाची चाचणी : डॉक्टरांनी काय सांगायला हवे?

प्रश्न : माझ्या वडिलांना कंपवात आहे. त्यांच्यावर अनेक वर्षे उपचार करणारे डॉक्टर आता त्यांना एका नव्या औषधाच्या चाचणीत घेऊ इच्छितात. संमतिपत्र इंग्रजीत असून त्यात वारसाचे नाव विचारल्यामुळे आई धास्तावली आहे. काही जादा तपासण्यांचा खर्चही आम्हीच करायचा आहे. डॉक्टरांना नाही म्हणणे जड जाते. काय करावे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आईंना आधी धीर द्या. चाचणीमुळे मृत्यू ओढवल्यास भरपाई कोणाला द्यायची, यासाठी वारसाचा रकाना नियमानेच ठेवलेला आहे. तो नसता, तर मला अधिक काळजी वाटली असती.

खरी अडचण संकोचाची आहे. जे डॉक्टर आजवर वडिलांना आराम पडावा म्हणून औषध देत आले, तेच आता नवे औषध मुळात गुणकारी आहे की नाही हे तपासणार आहेत, आणि आपल्या भूमिकेतला हा बदल न विचारता उघड करणे ही संशोधक म्हणून त्यांची पहिली जबाबदारी आहे. वडिलांना नवे औषधच मिळेल की तुलनेसाठी दिलेली औषधविरहित गोळी त्यांच्या वाट्याला येऊ शकेल, चालू गोळ्यांपैकी कोणत्या बंद होतील, चाचणीत न गेल्यास दुसरे कोणते उपचार आहेत, हे त्यांनी सविस्तर सांगितले पाहिजे. नकार दिला किंवा मध्येच बाहेर पडले, तरी नेहमीच्या उपचारांत खंड पडणार नाही, हेही त्यांच्याच तोंडून ऐकून घ्या.

2019 च्या केंद्रीय नियमांनुसार ही माहिती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत द्यावी लागते. तेव्हा मराठी किंवा हिंदी माहितीपत्रक मागून घ्या आणि ते घरी आणून सावकाश वाचा. इंदूरच्या वाचकाने तर यात भीड बाळगूच नये. इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने औषध चाचण्यांचा प्रश्न 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि त्याच प्रकरणात 2013 मध्ये न्यायालयाने संमतीच्या दृक्‌श्राव्य चित्रणाचा आदेश दिला. (आता ते चित्रण ठरावीक चाचण्यांपुरतेच सक्तीचे आहे.)

खर्चाचा मुद्दा मात्र मला खटकतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, नेहमीच्या उपचारांपलीकडे केवळ संशोधनासाठी होणारा खर्च रुग्णावर टाकता येत नाही. चाचणीचा नोंदणी क्रमांक डॉक्टरांकडे मागा, आणि चाचणीला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीला या तपासण्यांविषयी पत्राने विचारा. तिचे लेखी उत्तर हाती येईपर्यंत वडिलांनी सही करू नये.