वाचकांचे प्रश्न : इंटरमिजिएट इटालियन इथेच करू की तिकडे गेल्यावर?

प्रश्न : ताई, मी देवगडची, मुंबईत हिस्टरीत बीए करतेय. कॉलेजात दोन सेमिस्टर इटालियन घेतलं, ए-टू, म्हणजे सहा पायऱ्यांतली दुसरी पायरी, झालंय. फेब्रुवारीत एका सेमिस्टरसाठी इटलीत बोलोन्याला जायचंय आणि तिथले दोन पेपर इटालियनमधेच आहेत. जूनपासून इंटरमिजिएटचा वर्ग घेता येईल पण तो जड आहे, रोज होमवर्क, बाकीच्या विषयांचे मार्क घसरतील अशी भीती वाटते. मैत्रिणी म्हणतात कशाला, तिकडे गेल्यावर आपोआप येतं. खरंच येतं का?

उत्तर : नाही गं, आपोआप काही येत नाही. आपोआप येतं ते फक्त कॉफी मागणं. वर्ग घे, हे आधीच सांगून टाकते.

पहिला महिना भाषा शिकण्यात जात नाही, कागदात जातो. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहणार म्हणजे पोचल्यापासून आठ वर्किंग डेजच्या आत राहण्याच्या परवान्याचा, म्हणजे पेर्मेस्सो दी सोज्जोर्नोचा अर्ज टाकायचा, त्याचं कीट मिळतं पोस्टात, त्यावर सोळा युरोचं रेव्हेन्यू तिकीट लावायचं, आणि काउंटरवरच्या बाईला इंग्रजी येत असेलच असं अजिबात धरून चालू नकोस. मग रूम शोधायची, घरमालकाशी फोनवर बोलायचं (फोनवर हातवारे दिसत नाहीत!), डिपॉझिट किती, लाईटबिल भाड्यात धरलंय का वेगळं, हे सगळं ए-टूवर रेटायचं म्हणजे घाम फुटतो. त्यात तुझे पेपर हिस्टरीचे. तिथे पुष्कळ परीक्षा तोंडी असतात, प्रोफेसर समोर बसून विचारतात, मार्क तीसपैकी आणि पास व्हायला अठरा लागतात. एखादी घटना का घडली, त्याआधी काय चालू होतं, हे सांगायला दोन्ही भूतकाळ हातात हवेत आणि तेच तर इंटरमिजिएटला शिकवतात.

आता खरं सांगायचं ते हे, की वर्गात पुस्तक इंग्रजीतून असतं म्हणून आपण इटालियन इंग्रजीच्या दारातून शिकायला जातो आणि उगाच अडतो. तू मराठीच्या दारातून जा. इंग्रजीत 'आय लाईक', पण आपण काय म्हणतो, मला आवडतं. इटालियनमधेही तस्संच, मी प्याचे, आणि त्यातला 'मी' म्हणजे आपला 'मला'. मला मासा आवडतो, मला मासे आवडतात, तसं एक वस्तू असेल तर प्याचे, अनेक असल्या तर प्याच्चोनो. पुस्तक यावर दोन पानं खर्च करतं, तुला ते देवगडच्या मच्छी मार्केटात उभ्याउभ्या कळेल.

भूतकाळाचंही तेच. आपल्याकडे मुलगा म्हणतो मी गेलो, मुलगी म्हणते मी गेले. तिकडे तो म्हणतो सोनो आन्दातो, ती म्हणते सोनो आन्दाता. इंग्रजी माध्यमवाल्यांना हे जड जातं, तुला का जावं? आणि 'गेले' आणि 'जायचे' यातला फरक तुला कोणी शिकवला होता का? लहानपणी मी सुट्टीत आजीकडे जायचे, हा जो 'जायचे' आहे ना तोच त्यांचा इम्पेर्फेत्तो, आन्दावो. एकदाच झालं, संपलं, तर 'गेले'. म्हणजे वाक्य आधी मनात मराठीत म्हण, आपोआप बरोबर काळ निघेल, शंभरातल्या नव्वद वेळा तरी. पुढे कोंज्युन्तीवो, म्हणजे अंदाज-शंकेचं रूप येतं, ज्याला सगळे घाबरतात, पण 'तो आला असावा' असं आपण रोज म्हणतो की. क्रेदो के सीआ आर्रिवातो, झालं.

आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, हेही तिकडे आहे पण अर्धंच. कर्म नंतर आलं तर क्रियापद हलत नाही, कर्माच्या जागी 'तो' 'ती' आधी आलं की मात्र बदलतं. सफरचंद त्यांच्याकडे स्त्रीलिंगी, म्हणून 'ते सफरचंद ना, खाल्लं मी' म्हणताना मांजातो नाही, मांजाता.

मराठी जिथे उपयोगी पडत नाही ती जागाही सांगते. आर्टिकल. ईल, लो, ला, आणि ती पुन्हा 'मधे', 'वर', 'चा' या शब्दांना चिकटतात, हे पाठच करावं लागतं, घरात-घरावर म्हणून थोडा धीर मिळतो इतकंच. लिंगंही फसवतात, हात आपल्याकडे पुल्लिंगी, तिकडे मानो स्त्रीलिंगी, वर शेवटी ओ. आणि त्यांचे 'ची' आणि 'ने' हे दोन पिटुकले शब्द (आपले प्रत्यय नव्हेत), ते मला अजून छळतात.

उच्चार मात्र मराठीत लिहून काढ, इंग्रजी अक्षरांकडे बघूच नकोस. त्यांचा त आणि द आपलाच, दातांवरचा. पित्सातला त्स म्हणजे आपल्या चमच्यातला च जवळजवळ. एकच जपायचं, जोडाक्षर नीट दाबायचं. आन्नो म्हणजे वर्ष, आणि एकच न म्हटलास तर शरीराचा असा भाग होतो की इथे छापता येणार नाही. मी पहिल्याच आठवड्यात माझं वय सांगताना एकच न म्हटला होता, समोरचे काका अतिशय सभ्य होते, फक्त मान खाली घातली त्यांनी.

पास्सातो रेमोतो नावाचा एक भूतकाळ शिकवतील, तो बोलायला पाठ करत बसू नकोस, उत्तरेकडे बोलण्यात फारसा येत नाही, पण हिस्टरीच्या पुस्तकात पानोपानी येणार म्हणून ओळखता यायला हवा. आणि पुस्तकी इटालियन शिकून गेलीस तरी म्हाताऱ्यांची बोली कळली नाही म्हणून रडायचं नाही. पुण्याचा माणूस मालवणात आला आणि कोणी 'खंय चल्लंस' विचारलं की तो कसा बघतो, तसं होणार तुझं.

मार्कांचं म्हणशील तर एखादा सोपा ऑप्शनल घे आणि वेळ काढ. चतुर्थीला घरी जाशील तेव्हा राई या इटलीच्या सरकारी रेडिओ-टीव्हीच्या ॲपवरचे जे कार्यक्रम इथून मिळतील ते आधीच डाउनलोड करून ने, पावसात नेटवर्कची काय अवस्था असते ते तुला मी काय सांगू.

प्रश्न : माझा मुलगा मास्टर्सला चाललाय, कोर्स पूर्ण इंग्रजीत आहे. त्याला इटालियन शिकायला लावावं का? – एक पालक, वेंगुर्ला

उत्तर : ॲडमिशनसाठी बहुतेक नाही लागणार. इटालियनमधून कोर्स असला तर साधारण बी-टू, म्हणजे चौथी पायरी मागतात. पण स्टुडंट परमिटवर आठवड्याला २० तास काम करता येतं, आणि हॉटेलात टेबलावर ऑर्डर घ्यायची तर इंग्रजीवर कोण ठेवणार, मग राहतं भांडी घासणं. ए-टूपर्यंत तरी करूदे. सर्टिफिकेट हवंच असेल तर सिएनाच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या युनिव्हर्सिटीचं चिल्स आणि पेरुजाच्या तशाच युनिव्हर्सिटीचं चेली, दोन्ही चालतात. आणि त्याला सांगा, तिकडे स्पागेत्ती आल्ले वोंगोले मागवली की घाबरू नकोस, आपल्या तिसऱ्याच असतात त्या, फक्त वाटण नसतं.