वाचनाचा कंटाळा आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

प्रश्न : माझा अकरा वर्षांचा मुलगा कोणतेही पुस्तक दोन पानांतच मिटून ठेवतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने त्याला वाचनाकडे वळवता येईल का?

उत्तर : येईल; मात्र त्या साधनाकडून पुस्तकांचे सारांश घेऊ नका, कारण सारांश कळला की पुस्तक उघडण्याचे कारणच उरत नाही. मुलाला ज्याची ओढ आहे, मग तो फुटबॉल असो वा ज्वालामुखी, त्या विषयावर त्याला पेलेल अशा भाषेत, ऐन उत्कंठेच्या जागी थांबणारी छोटी गोष्ट लिहून घ्यावी, पुढे काय घडावे हे त्यालाच ठरवू द्यावे आणि त्यानुसार तयार झालेला पुढचा भाग त्याच्यासमोर ठेवावा. चॅटजीपीटी या अशाच एका साधनाच्या अटींनुसार वापरकर्ता किमान १३ वर्षांचा असावा लागतो; म्हणून सूचना तुम्हीच लिहा आणि मुलाला छापील मजकूर द्या. ही साधने चुकीची माहितीही ठामपणे मांडतात, त्यामुळे मजकूर आधी स्वतः वाचून त्यातील तथ्ये पडताळून घ्यावीत. शिवाय या गोष्टी बऱ्याचदा एकाच साच्यातल्या (आणि स्पष्टच सांगायचे तर बेचव) असतात. म्हणून मुलाची उत्सुकता जागी होताच त्याच विषयावरचे एखादे चांगले पुस्तक त्याच्या हाती द्यावे.