शेकोटीचा धूर आणि वाइनची द्राक्षे

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची शिराझ या लाल वाइनच्या द्राक्षाची बाग आहे. मण्यांत पाणी उतरून (मणी मऊ पडून गोडी भरू लागून) पंधरा दिवस झालेत. थंडीमुळे दोन रात्री बागेत शेकोट्या पेटवल्या; धूर सकाळपर्यंत ओळींतच होता. वाइनला वास लागेल का? घड धुतले तर?

उत्तर : धुण्याने राख जाईल, धूर जाणार नाही. लाकूड जळताना निघणारी ग्वायकॉल, क्रेसॉल ही द्रव्ये सालीतून मण्यात शिरतात आणि साखरेशी बांधली जातात. त्यामुळे द्राक्ष खाऊन खात्रीने काही कळत नाही. आंबवताना, पुढे बाटलीत आणि तोंडात लाळेनेही हे बंध सुटतात; मग घोटानंतर घशाशी राखेची चव रेंगाळते. पाणी उतरल्यानंतर साधारण आठवड्याने सुरू होऊन काढणीपर्यंत चालणारा काळ सर्वांत नाजूक. त्यात तुमचा धूर ताजा, आणि वारा पडलेल्या थंड रात्री तो वर चढत नाही. धोका खरा आहे, पण आताच माल सोडून देऊ नका.

काढणीच्या दहा दिवस आधी बादलीत वाइन करून पाहा. शेकोटीजवळच्या आणि लांबच्या ओळींतून तीन-तीन किलो घड वेगवेगळे घ्या, ओळीच्या दोन्ही अंगांचे. देठ काढून मणी सालीसकट चुरडा, वाइनचे यीस्ट घाला, झाकण सैल ठेवा. २५ अंशांच्या आसपास आठवडाभर आंबवा. वर आलेली साल दिवसातून दोनदा खाली दाबा. मग गाळून, फ्रीजमध्ये निवळू द्या. चाखताना दोन नमुन्यांमध्ये दोन मिनिटे थांबा, कारण ही चव उशिरा येते आणि पुढच्या घोटावर चढते. चार-पाच जणांना चाखायला द्या. काहींच्या जिभेला ती जाणवतच नाही. प्रयोगशाळेत पाठवलेत तर मोकळे आणि साखरेशी बांधलेले, दोन्ही फिनॉल (ग्वायकॉल, क्रेसॉलसारखी धुराची द्रव्ये) मोजून घ्या. शिराझमध्ये थोडे ग्वायकॉल मुळातच असते, म्हणून लांबच्या ओळीचा नमुना सोबत हवाच.

फरक जाणवला तर वाइनरीला काढणीआधीच सांगा. हाताने खुडणी, पाने अजिबात नकोत, माल थंड, सालीचा संपर्क कमी. अशा मालाची रोझे (फिकी गुलाबी वाइन) करणे लाल वाइनपेक्षा सुरक्षित. सक्रिय कोळशाने वास उतरतो, पण रंग आणि स्वादही जातो, आणि बांधलेला भाग बराचसा मागे राहतो.

पाणी उतरल्यावर वाइनच्या बागेत शेकोटी नकोच. थंडीसाठी त्याऐवजी पहाटे ठिबकने पाणी द्या. धुराचा दोष पुढच्या हंगामाच्या फळात उतरत नाही, तेव्हा छाटणी नेहमीप्रमाणेच करा.