परदेशातून अतिरेकी गटांना येणारा पैसा कायद्याने खरंच थांबतो का, की छोट्या संस्थाच भरडल्या जातात?

तुम्ही दोन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. अतिरेक्यांचा परदेशी पैसा कायद्याने बंद होतो का, आणि अमेरिकेतल्या गावकऱ्यांकडून देणगी घेताना तुमच्या वाचनालयाला एवढा त्रास का. मी मुंबईत बँकेच्या कम्प्लायन्स विभागात, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागात, बरीच वर्षं काम केलंय, त्यामुळे दोन्हींशी रोजचा संबंध आला.

माझं मत स्पष्ट सांगतो. एका हल्ल्याला लागणारा पैसा कुठलाही कायदा आधी अडवू शकत नाही. संघटनेला वर्षानुवर्षं पोसणारा पैसा मात्र अडवता येतो, आणि त्यासाठी हे कायदे हवेतच.

26/11 चंच बघा. हल्लेखोर आणि पाकिस्तानात बसलेले त्यांचे सूत्रधार इंटरनेट फोनवर बोलत होते. ती सेवा सुरू करायला हल्ल्याच्या आदल्या दिवशी इटलीतल्या ब्रेशिया शहरातून एका अमेरिकन कंपनीला पैसे गेले. किती? 229 डॉलर. तेही इटलीत कधी पाऊलसुद्धा न ठेवलेल्या माणसाच्या ओळखीवर. एवढ्याशा रकमेवर कुठल्या काउंटरवरचा माणूस संशय घेणार? पण व्यवहाराची नोंद राहिली होती. तपास पुढे त्या पैसे पाठवणाऱ्या दुकानापर्यंत पोचला आणि नोव्हेंबर 2009 मध्ये तिथे दोघांना अटक झाली. माग राहतो, हा कायद्याचा पहिला उपयोग. हल्ला थांबला नाही, हे सत्यही त्याच्यासोबतच स्वीकारावं लागतं.

आपल्याकडे मुख्य कायदा यूएपीए, म्हणजे बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक कायदा. तो 1967 चा, पण दहशतवादाची कलमं त्यात 2004 साली आली. कलम 17 नुसार दहशतवादी कृत्यासाठी पैसा उभा करणं हाच गुन्हा आहे. त्या पैशातून प्रत्यक्ष स्फोट झाला की नाही, हे सिद्ध करावं लागत नाही. 26/11 नंतर लगेच, डिसेंबर 2008 मध्ये, कलम 51 अ आलं. त्यानं सरकारला दहशतवादी म्हणून यादीत टाकलेल्या व्यक्तींची आणि संघटनांची खाती गोठवण्याचा अधिकार मिळाला. जोडीला पीएमएलए, म्हणजे मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा, 1 जुलै 2005 पासून लागू. दहा लाखांवरची रोकड बँकेला एफआययूला, म्हणजे केंद्राच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाला, कळवावी लागते, पण संशयास्पद व्यवहाराला किमान रक्कम नाही. पाचशे रुपयांचाही अहवाल जाऊ शकतो, आणि तो गेल्याचं ग्राहकाला सांगायला बंदी आहे. यादीतल्या नावाशी नाव जुळलं म्हणून अडकलेली साधी माणसंही मी पाहिली आहेत. जन्मतारीख, पासपोर्ट, वडिलांचं नाव तपासून त्यांना लवकर मोकळं करणं हे बँकेचं कर्तव्य आहे, आणि तिथे दिरंगाई झाली की माझा जीव तुटायचा.

बँकेबाहेर हवाला, म्हणजे दलालांमार्फत विश्वासावर पैसे पोचवणं, आहेच. 1991 साली हिजबुल मुजाहिदीनशी संबंध असल्याच्या आरोपावरून दिल्लीत एकाला पकडलं. त्याच्या चौकशीतून सीबीआय हवाला व्यवहाराचा आरोप असलेल्या जैन बंधूंच्या डायऱ्यांपर्यंत गेली. अतिरेक्यांच्या पैशाचा तपास म्हणून सुरू झालेलं ते प्रकरण बड्या राजकारण्यांच्या नावांवर येऊन अडलं. नुसत्या डायरीतल्या नोंदी कोर्टात टिकल्या नाहीत आणि आरोपी सुटले. काश्मीरकडे जाणाऱ्या पैशाचा मूळ धागा त्या गदारोळात हरवला, याचं मला आजही वाईट वाटतं. अशा पैशाचा खटला शेवटपर्यंत गेल्याचं उदाहरण बरंच नंतरचं. एनआयए या राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या 2017 च्या प्रकरणात काश्मिरी फुटीरतावादी नेता यासीन मलिकला 25 मे 2022 रोजी जन्मठेप झाली, त्यात कलम 17 होतं. तिथे आरोपीनं स्वतः गुन्हा कबूल केला होता. बाकी असे खटले फार रेंगाळतात. दहशतवादाच्या पैशावर नजर ठेवणाऱ्या एफएटीएफ या आंतरराष्ट्रीय संस्थेनंही भारताच्या 2024 च्या मूल्यमापनात त्यावर बोट ठेवलं.

सगळ्यात जास्त फरक मला दिसला तो देशावर आलेल्या दबावामुळे. एफएटीएफनं जून 2018 मध्ये पाकिस्तानला ग्रे लिस्टमध्ये, म्हणजे त्रुटींमुळे जादा देखरेखीखालच्या देशांच्या यादीत, टाकलं. सुटका हवी तर दोन आराखड्यांतल्या मिळून 34 बाबी पूर्ण करायच्या होत्या. अनेक वर्षं मोकळा फिरणारा लष्कर-ए-तैयबाचा संस्थापक हाफिज सईद फेब्रुवारी 2020 मध्ये लाहोरच्या कोर्टात दोषी ठरला, आणि कशासाठी? दहशतवादाच्या पैशासाठी. मुंबईतल्या 166 जणांच्या खुनासाठी नाही. त्याच संघटनेच्या लख्वीलाही जानेवारी 2021 मध्ये अशाच गुन्ह्यात शिक्षा झाली. मुंबईकर म्हणून हे मला बोचतं. तरीही पैशाच्या कायद्यानं जे घडवलं, ते आपण पाठवलेल्या पुराव्यांच्या गठ्ठ्यांनी घडलं नव्हतं. ऑक्टोबर 2022 मध्ये पाकिस्तान यादीतून बाहेर आला. पहलगामच्या हल्ल्यानंतर, जून 2025 मध्ये, एफएटीएफनंच म्हटलं की असा हल्ला पैशाशिवाय होऊ शकत नाही. दबाव सैल केला की काय होतं, हा प्रश्न मी तिथल्या प्रत्येक सदस्य देशाला विचारीन.

वाटाही बदलल्या आहेत. एफएटीएफच्या 2025 च्या अहवालात भारतातली दोन प्रकरणं आहेत. पुलवामाच्या स्फोटकातली अ‍ॅल्युमिनियम पावडर ऑनलाइन मागवलेली होती. गोरखनाथ मंदिरावर 2022 मध्ये हल्ला करणाऱ्यानं पेपल या ऑनलाइन पैसे पाठवण्याच्या सेवेवरून सुमारे 6.7 लाख रुपये आयसिसच्या मदतीसाठी परदेशात पाठवले होते. म्हणजे पैसा आत येण्यापेक्षा बाहेरच जास्त जात होता.

आता तुमचं वाचनालय. तुम्हाला नडतोय तो एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायदा, हा वेगळा कायदा. 1976 चा, नव्यानं 2010 मध्ये केलेला. 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात घ्यावी लागते, प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली, आणि ती देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. यातल्या दिल्लीतल्या खात्याच्या आणि देणगी न वळवण्याच्या दुरुस्त्या सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये योग्य ठरवल्या. माझ्या मते खेड्यातल्या संस्थेवर हा बोजा अवाजवी आहे. संस्थांवरचे नियम धोका बघून लावा, सरसकट नको, असं एफएटीएफची शिफारस 8 सुद्धा सांगते.

तुमच्यापुरता एक मार्ग आहे. देणगीदाराचा पासपोर्ट अजून भारतीय असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पासपोर्टची प्रत दफ्तरी ठेवा. ज्यानं अमेरिकन नागरिकत्व घेतलंय त्याचे पैसे मात्र, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असलं तरी, एफसीआरए नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेऊ नका.