एक्स्चेंजला निघण्याआधी इथल्या विद्यापीठाचं सही-शिक्क्याचं पत्र हातात घे

तुझी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. पाच वर्षांच्या लॉचं चौथं वर्ष, अमेरिकेतल्या लॉ स्कूलला एका सेमिस्टरसाठी निवड झालेली, ऑगस्टमध्ये निघायचंय, तिकडच्या अभ्यासाचे क्रेडिट (विषयागणिक मिळणारे श्रेयांक) इथे धरणार का यावर कॉलेज म्हणतंय "क्रेडिटचं आल्यावर बघू" आणि बाबांना धास्ती की वर्ष वाया जाईल. तू विचारलं आहेस व्हिसा, विषय आणि खर्चाबद्दल. मला मात्र काळजी वाटते ती त्या "आल्यावर बघू"ची, कारण मी याच वाटेने गेलेय. वयाने बरीच मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते.

व्हिसाचं थोडक्यात. एक्स्चेंजला बहुधा जे-१ प्रकारचा व्हिसा मिळतो, त्यासाठी लागणारा डीएस-२०१९ फॉर्म तिकडचं लॉ स्कूल पाठवतं, पुढचं तुला माहीत असेलच. दोन गोष्टी मात्र लोक सांगत नाहीत. एक, तिथली ट्यूशन फी माफ असली तरी आरोग्यविमा माफ नसतो. जे-१ साठी विम्याच्या किमान अटी ठरलेल्या आहेत, दर आजाराला किंवा अपघाताला निदान १,००,००० डॉलरचं संरक्षण हवं. पुष्कळ लॉ स्कूल स्वतःचीच पॉलिसी घ्यायला लावतात आणि ती स्वस्त नसते. हा आकडा आधी विचारून घे आणि मगच बाबांसमोर हिशेब मांड. दुसरं, "जे-१ घेतला की नंतर दोन वर्षं भारतात राहावंच लागतं" असं कुणी सांगितलं तर घाबरू नकोस. कुठल्या देशाला कोणती कौशल्यं हवीत याच्या ज्या अमेरिकी सरकारी यादीमुळे ती अट लागायची, त्या यादीतून डिसेंबर २०२४ मध्ये भारताला वगळलंय. पण सरकारी पैशावर गेलीस तर अट अजूनही लागू शकते, म्हणून डीएस-२०१९ आणि व्हिसावर काय लिहिलंय ते नीट वाच. मी इमिग्रेशनची वकील नाही आणि हे नियम भराभर बदलतात, तेव्हा लॉ स्कूलच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ई-मेल करून खात्री करून घे.

आता मूळ मुद्दा. जाण्याआधी मी तिकडच्या विषयांची यादी प्राचार्यांच्या सहीने विद्यापीठाच्या संबंधित विभागात दिली होती. कुठलं विद्यापीठ, कुठला विभाग ते लिहीत नाही. यादी घेतली, पोच दिली आणि तोंडी सांगितलं, "जाऊन या, काही अडचण नाही." जानेवारीत परत आले तेव्हा त्याच विभागाने एकेक अडचण काढायला सुरुवात केली.

पहिली पेपरांच्या संख्येची. आपल्याकडे त्या सत्राला सहा पेपर होते, माझे तिकडे चारच. तिकडे एकेक विषय तीन-चार क्रेडिटचा असतो. अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमाप्रमाणे एका क्रेडिटमागे सत्रभर आठवड्याला एक तासिका आणि वर्गाबाहेर किमान दोन तासांचा अभ्यास धरलेला असतो. हे सगळं मी छापून नेलं. उत्तर मिळालं, "फॉर्ममध्ये रकाने सहा आहेत."

मग गुणपत्रक. तिकडच्या लॉ स्कूलने ते ई-मेलने, डिजिटल सहीच्या पीडीएफमध्ये पाठवलं. संगणकावर उघडलं की वरच्या निळ्या पट्टीत ते प्रमाणित असल्याचं दिसायचं. प्रिंट काढली की ती पट्टी गायब, आणि विभागाला प्रिंटच हवी होती, तीही सीलबंद पाकिटात, ओल्या शिक्क्याची. "इथेच तुमच्या संगणकावर उघडून दाखवते," म्हटलं तर खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "बाहेरची फाईल उघडायची परवानगी नाही." तिकडच्या रजिस्ट्रारला लिहावं तर ते विचारायचे की पीडीएफ मिळाली नाही का, पुन्हा पाठवू का.

ते एकदाचं मार्गी लागलं तेव्हा ग्रेडचा घोळ. बऱ्याच अमेरिकन लॉ स्कूलमध्ये ग्रेड सक्तीच्या कर्व्हवर, म्हणजे वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ठरलेल्या प्रमाणात देतात, वर्गाच्या मधोमध असलेल्या विद्यार्थ्याला 'बी प्लस'च्या आसपास मिळतो आणि 'ए' मोजक्यांनाच. आमच्या विभागाने 'बी' हे अक्षर पाहिलं आणि आपल्या तक्त्यातल्या 'बी'चे टक्के लावून टाकले.

शेवटी पुराव्याचा कायदा. तिकडे मी फेडरल रूल्स ऑफ एव्हिडन्स, म्हणजे अमेरिकेच्या संघीय न्यायालयांचे पुराव्याचे नियम शिकले. विभाग म्हणाला, हा आपला एव्हिडन्स नव्हे, पेपर इथेच द्यावा लागेल. हा आक्षेप मला मनापासून पटतो. ज्या मुलीला उद्या आपल्या सत्र न्यायालयात उभं राहायचंय तिला आपला कायदा आलाच पाहिजे. तेव्हा साक्ष अधिनियम १८७२ चा होता, आता त्याच्या जागी २०२३ चा भारतीय साक्ष्य अधिनियम आलाय, तरी मुद्दा तोच. पण मग हे जाण्याआधी सांगायला नको का? एव्हिडन्सचं नाव यादीत दुसऱ्याच ओळीवर होतं. ती यादी त्यांच्याच फायलीत, त्यांच्याच आवक शिक्क्यासह पडून होती. मला आधी कळलं असतं तर मी तिकडे दुसरा विषय घेतला असता. वर हजेरीचं कारण. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमाने प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते, माझी त्या सत्राची हजेरी अर्थातच शून्य. म्हणून लगेच परीक्षाही देता येईना, मागच्या बॅचबरोबर तासांना बसावं लागलं.

निकाल राखून ठेवला गेला. सनदेच्या अर्जाला सगळ्या गुणपत्रिका लागतात, त्यामुळे सनद रखडली. बरोबरीची मुलं वकीलपत्रावर सह्या करत होती तेव्हा मी सीनियरच्या चेंबरमध्ये नुसत्या तारखा लिहून घेत होते. इतकी वर्षं झाली तरी त्या विभागाचा राग गेलेला नाही, आणि जाऊही नये असं मला वाटतं. दर वर्षी कुणीतरी हुशार मुलगी मेहनतीने निवडून येते आणि तिच्या वर्षाचं काय होणार हे कुठल्या टेबलावर फाईल अडकते त्यावर ठरतं.

म्हणून तू हे कर. गुणपत्रिकेवर ज्याची सही असते त्याच्याकडून लेखी पत्र घे. कॉलेज संलग्न असेल तर विद्यापीठाकडून, स्वायत्त असेल तर कॉलेजच्या परीक्षा नियंत्रकांकडून. "विद्यार्थिनीस एक्स्चेंजला जाण्यास हरकत नाही" एवढ्या वाक्यावर समाधान मानू नकोस, त्या वाक्याने क्रेडिट मिळत नाहीत. तिकडचा कुठला विषय इथल्या कुठल्या पेपरच्या जागी धरणार, किती क्रेडिट, ग्रेडचं रूपांतर कोणत्या तक्त्याने, त्या सत्राची हजेरी कशी धरणार आणि डिजिटल गुणपत्रक चालेल का, हे पाचही मुद्दे त्यात हवेत. तिकडे पहिल्या आठवड्यात विषय बदलतात, कधी जागा भरलेल्या असतात, म्हणून दोन-तीन पर्यायी विषयही त्याच पत्रात घालून घे. अर्ज दिलास की पोच आणि आवक क्रमांक घे. महिन्याभरात हालचाल नसेल तर माहिती अधिकारात अर्ज टाक. दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. फाईल आज कोणाकडे आहे आणि त्यावरच्या टिपण्यांच्या प्रती द्या, एवढंच माग. माझी फाईल हलली ती अशीच. आपल्या विद्यापीठाशी असं वागणं काहींना आगाऊपणाचं वाटेल. मला वाटत नाही.

जमलं तर सत्र बदलून घे. ज्या सत्रात सक्तीचे आणि क्लिनिकल (प्रात्यक्षिकाचे) पेपर कमी, ऐच्छिक जास्त, त्याच सत्रात जा. तुझ्या पोस्टमधल्या इथल्या पेपरांच्या यादीत सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) आणि ड्राफ्टिंग दिसतंय, तिथेच घोडं अडेल.

विषयांचं माझं मत ठाम आहे, सगळ्यांना पटणार नाही. इथे पुस्तकातून शिकता येईल ते तिकडे घेऊ नकोस. निगोशिएशन म्हणजे वाटाघाटी, कोर्टात खटला चालवायला शिकवणारं ट्रायल अ‍ॅडव्होकसी, एखादा छोटा सेमिनार घे. मोठ्या वर्गाचा एकच विषय ठेव, तोही राज्यघटनेचा. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या आपल्या अनुच्छेद २१ मध्ये 'ड्यू प्रोसेस' (न्याय्य कायदेशीर प्रक्रिया) हे शब्द का नाहीत याचं उत्तर तिथेच सापडतं. संविधान सभेचे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव १९४७ मध्ये अमेरिकेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले होते, आणि त्या भेटीचा आपल्या मसुद्यावर परिणाम झाला. पुढे आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७८ च्या मनेका गांधी निकालाने तोच आशय दुसऱ्या वाटेने आणला. मनेका गांधी वाचून जा, वर्गात बोलायला तुझ्याकडे असं काही असेल जे इतरांकडे नसतं.

तिकडे पहिल्या तासालाच वाचून जावं लागतं, ओळख-बिळख काही नसते. प्राध्यापक नाव घेऊन उभं करतात, निकालातली तथ्यं विचारतात आणि मग एकेक तथ्य बदलत जातात. आपल्याला कलम सांगायची सवय. तिकडे करारासारख्या विषयातही कायदा राज्यागणिक वेगळा, त्यामुळे कलम आठवलं तरी पुढचा प्रश्न "कोणत्या राज्यात?" हा असतो. केसबुक, म्हणजे निकालांचं पाठ्यपुस्तक, दोनशे डॉलरच्या पुढे जातं, भाड्याने घे किंवा ग्रंथालयातल्या राखीव प्रतीवर भागव. परीक्षा लॅपटॉपवर, बहुतेकदा सगळे गुण एकाच पेपरला. परीक्षेचं सॉफ्टवेअर बाकीचे प्रोग्रॅम बंद पाडतं, म्हणून त्याची सराव परीक्षा आधी देऊन बघ. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना काही ठिकाणी जादा वेळ मिळतो. सेमिस्टरच्या सुरुवातीलाच विचार, नंतर मुदत संपते.

आणि कुणी सांगितलं की या सेमिस्टरवर न्यूयॉर्कची बार परीक्षा (वकिलीच्या परवान्याची) देता येते, तर ते चूक आहे. तिथे परदेशी पदवीधराचा एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) मोजतात तो किमान २४ क्रेडिटचा, ठरावीक विषयांसकट. एक्स्चेंजचे क्रेडिट त्यात येत नाहीत.

पत्राचा मसुदा तयार झाला की नावं काढून इथेच टाक. विषयांची जुळणी मी वाचून देईन.