रूप घेणं, रूपांतर आणि अस्वलाचं लिंग

प्रश्न : आम्ही काही जण ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून काल्पनिक पात्रं रंगवण्याचा खेळ मराठीतून खेळतो. वाइल्ड शेप, पॉलिमॉर्फ, डिसगाइज सेल्फ या रूप बदलणाऱ्या शक्ती आणि मंत्र, सगळ्यांना आम्ही सरसकट ‘रूपांतर’ म्हणतो आणि मग नियमांवरून वाद होतात. मराठीत वेगवेगळे शब्द आहेत का? आणि अस्वल बनलेली ड्रुइड (निसर्गाची जादू जाणणारं पात्र) ‘धावली’ म्हणायचं की ‘धावलं’?

उत्तर : ‘रूपांतर’ आधी बाजूला ठेवा. मराठीत तो शब्द दुसऱ्याच कामाला जुंपलेला आहे. कादंबरीचं नाट्यरूपांतर होतं, परकीय नाटकाचं मराठी रूपांतर होतं. शिवाय बदल कोणी घडवला, कोणाच्या इच्छेने घडला आणि आतलं मन तेच राहिलं का, यातलं काहीच तो सांगत नाही. तुमच्या खेळात तर भांडणं नेमकी यावरूनच होतात.

तुम्ही नामं शोधताय. मराठीने हा भेद क्रियापदांत आणि विभक्तीत ठेवला आहे. मारीचाने हरणाचं रूप घेतलं, विष्णूने मोहिनीचं रूप घेतलं. ‘मारीचाचं हरीण झालं’ असं कोणी म्हणत नाही. उलट अहल्येची शिळा झाली, नहुषाचा अजगर झाला. (वाल्मीकींच्या रामायणात अहल्या शिळा होत नाही, अदृश्य होऊन राखेत पडून राहते. पण लोकांच्या तोंडी शिळाच आहे.) ‘रूप घेणं’ म्हणजे स्वतःच्या मर्जीने, आणि घेतलेलं टाकताही येतं. ‘अमक्याचं तमकं होणं’ किंवा ‘करणं’ म्हणजे बदल त्याच्यावर येऊन पडला, शापाने, मंत्राने किंवा निसर्गक्रमाने. दुधाचं दही होतं, सुरवंटाचं फुलपाखरू होतं. त्यात दुधाला कोणी विचारत नाही.

आता नियम पाहा. मी पाचव्या आवृत्तीचे 2014 चे नियम धरतो. वाइल्ड शेप ही ड्रुइडची स्वतःची शक्ती, दुसऱ्या पातळीपासून मिळणारी. शरीर प्राण्याचं येतं, पण बुद्धी, शहाणपण आणि स्वभाव ड्रुइडचेच राहतात, आणि मनात येईल तेव्हा मूळ रूपात परतता येतं. हे सरळसरळ ‘रूप घेणं’. पॉलिमॉर्फ हा चौथ्या पातळीचा मंत्र बहुतेक वेळा दुसऱ्यावर टाकला जातो. नको असेल त्याने शहाणपणाचा फासा टाकून वाचायचं, नाही वाचला तर त्याचा बेडूक. इथे ओग्रबद्दल, म्हणजे एका धिप्पाड राक्षसाबद्दल, ‘ओग्रने बेडकाचं रूप घेतलं’ म्हणालात की ऐकणाऱ्याला वाटणार, ओग्रच काहीतरी डाव खेळतोय. ‘ओग्रचा बेडूक केला’ म्हणा, वाद तिथेच मिटेल. स्वखुशीने मंत्र घेणाऱ्या मित्रालाही हेच लागू : त्याची संमती असली तरी करणारा दुसराच आहे, म्हणून ‘त्याचा वानर केला’.

मनाचं काय, हे मात्र विभक्ती सांगत नाही. पॉलिमॉर्फमध्ये बुद्धीचे आकडेही नव्या प्राण्याचेच लागतात, बेडकाची बुद्धी 1. स्वभाव तेवढा मूळचा राहतो. पण आपल्या नहुषाचा अजगर झाला तरी स्मृती आणि तत्त्वचर्चेची हौस शाबूत होती. भीमाला विळखा घालून त्याने युधिष्ठिराला प्रश्न विचारले. त्यामुळे ‘बेडूक केला, अकलेसकट’ असं शेपूट जोडून बोलायची सवय लावून घ्या. ऐकायला गमतीदार वाटेल, पण नियम तोच आहे.

डिसगाइज सेल्फला ‘रूप’ हा शब्दच लावू नका. तो निव्वळ भास आहे. डोक्यावर टोपी दिसली तरी हात आरपार जातो. त्याला ‘वेषांतर’ म्हणतात, पण वेषांतरात कपडे तरी खरे असतात. माझं मत ‘सोंग’ला. ‘सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही’ ही म्हण या मंत्राची मर्यादा नेमकी सांगते : सोंगाने ताकद वाढत नाही, चिलखत मिळत नाही, आणि हात लावून पाहणाऱ्यापुढे ते टिकत नाही. मॅजिक जार या मंत्रासाठी तर शब्द शोधायलाच नको. आत्मा स्वतःचं शरीर सोडून आधी एका पात्रात आणि तिथून दुसऱ्याच्या देहात शिरतो, हा परकायाप्रवेश. अमरू राजाच्या देहात शिरलेल्या शंकराचार्यांची आख्यायिका ऐकलेल्या कोणालाही तो समजावून सांगावा लागणार नाही. तिकडे मागे राहिलेलं शरीर राखावं लागतं, ही अडचणसुद्धा दोन्हीकडे सारखीच.

वाइल्ड शेपला काही जण ‘पशुरूप’ म्हणतात. अस्वल-लांडग्यापर्यंत ठीक. पण ‘पशुपक्षी’ म्हणणाऱ्या भाषेत गरुडाला आणि कोळ्याला पशू म्हणणं कानाला खटकतं, आणि नियमात तेही त्याच गटात येतात. ‘प्राणिरूप’ बरं. शेपचेंजरसाठी, म्हणजे रूप बदलू शकणाऱ्या जिवासाठी, रामायणातला ‘कामरूपी’ सुचतो, म्हणजे इच्छेप्रमाणे रूप घेणारा. शब्द सुरेख आहे, पण आज ‘काम’ म्हटलं की टेबलाभोवती हशा पिकेल. आणि पौर्णिमेला नाइलाजाने लांडगा होणाऱ्याला तो लागूही पडत नाही. ‘बहुरूपी’ म्हणजे दारोदार सोंगं आणणारा कलावंत. दुसऱ्याचं हुबेहूब रूप घेणारा डॉपलगँगर त्याच्यासारखा निरुपद्रवी नाही. इथे ‘रूप पालटणारा’ असं साधं वर्णन करा किंवा शेपचेंजरच म्हणा.

परतण्यासाठी ‘मूळपदावर येणं’ वापरा. उदाहरणार्थ, तपकिरी अस्वलाचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याची ताकद मोजणारे गुण, 34. त्यातले 5 उरले असताना 11 चा फटका बसला, तर ड्रुइड मूळपदावर येते आणि उरलेले 6 तिच्या स्वतःच्या खात्यातून जातात. 2024 च्या नियमांत हा हिशेब बदलला : आता ड्रुइडचे हिट पॉइंट तिचेच राहतात, वर थोडे तात्पुरते मिळतात. म्हणजे प्राण्याचं शरीर ही वेगळी ढाल राहिली नाही. ‘रूप घेतलं’ हे नव्या नियमाला जास्तच शोभतं.

राहिलं ‘धावली की धावलं’. प्राणिरूप घेतलेल्या ड्रुइडचं मन तिचंच आहे, म्हणून खेळाडूने ‘मी धावले’ आणि डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, ‘ती धावली’ म्हणावं. गुहेतल्या पहारेकऱ्याच्या तोंडी मात्र ‘अस्वल धावलं’च हवं, त्याला काय माहीत! बेडूक केलेल्या ओग्रसाठी ‘ओग्रने उडी मारली’ म्हणू नका, बेडकाने मारली. आपल्या कथा सांगणारेही असंच करतात. हरीण पळत राहतं, हरीण रामाला दूर नेतं, बाण हरणाला लागतो, आणि रामाच्या आवाजात ओरडतो तो मारीच. मरताना तोही मूळपदावर येतो. खेळातही शून्यावर आलं की रूप सुटतं, तेव्हा वाक्याचं लिंग त्याच क्षणी बदला.